लहान्याची बहीण, बाळाची आत्या

'आक्रोश' बघितला नसेल तर आधी बघून या. मला बोलायचंय ते त्याच्या शेवटाबद्दलच.

लहान्या भिकूचा बाप मेलाय. बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात असलेल्या लहान्याला (ओम पुरी) पोलिसांनी अंत्यविधीपुरतं बाहेर आणलंय. चितेपाशी त्याची तरणी बहीण उभी आहे आणि मुकादम तिच्याकडे बघतोय. ती नजर लहान्याच्या ओळखीची आहे. अशाच नजरेनं त्याच्या नागीचा (स्मिता पाटील) घास घेतला होता. लहान्या कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीवर घालतो. मग आभाळाकडे तोंड करून ओरडतो. खटल्यात वकिलासमोरही तोंड न उघडणाऱ्या माणसाचा हा आवाज, आणि चित्रपटाचं नावही तेच.

1980 चा हा चित्रपट गोविंद निहलानींचा दिग्दर्शक म्हणून पहिला. पटकथा विजय तेंडुलकरांची. 1981 च्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याला सुवर्णमयूर मिळाला. त्याच्यावर जे लिहिलं-बोललं जातं, त्यात लहान्याची किंकाळी हमखास असते. बहीण मात्र एका वाक्यात येते: 'नागीसारखी तिची गत होऊ नये म्हणून त्यानं तिला मारलं.' म्हणजे सोडवलं.

मला हे 'सोडवलं' पटत नाही.

घरात कोण उरलंय ते मोजा. नागी गेली. लहान्या तुरुंगात. आता म्हाताराही गेला. राहिले दोघं, बहीण आणि लहान्याचं तान्हं मूल. कुऱ्हाड पडल्यावर उरतं फक्त मूल. त्याला आता कोण घेणार? चित्रपट हे विचारत नाही. तो भास्कर कुलकर्णी (नसीरुद्दीन शाह) आणि दुसाने (अमरीश पुरी) या वकिलांकडे वळतो.

लक्षात राहते ती 'लहान्याची बहीण' म्हणून. पण ती त्या बाळाची आत्याही आहे. आमच्या मुरगुडात बारशाला बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा, आणि ती वाकली की तिच्या पाठीत बाकीच्या बायकांच्या धपाधप बुक्क्या. लहान्याच्या पाड्यावरची रीत वेगळी असेल, पण आई नसलेलं लेकरू कुणाच्या कडेवर वाढतं हे सगळीकडे सारखंच. त्या घरात हे नातं एवढं एकच शिल्लक होतं आणि पटकथेनं नेमकं तेच तोडलं.

शेवटाच्या बाजूनं बोलण्यासारखंही आहे. ठेकेदार, पुढारी, डॉक्टर, पोलीस हे सगळे एकाच माळेचे मणी. लहान्याचा हात त्यांच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून कुऱ्हाड आपल्याच माणसावर पडते. जुलूम घरात शिरून घरालाच खातो, असं तेंडुलकर दाखवतात आणि ते खोटं नाही. पण बहिणीला काय हवं होतं, हे क्षणभरही समोर येत नाही. पळून जायचं होतं? मुकादमाच्या डोक्यात दगड घालायचा होता? काहीही करून जगायचं होतं? कोर्टात उभा राहणारा दुसाने स्वतः आदिवासी आहे, म्हणजे आदिवासी पुरुषाला चित्रपटात निदान बोलायची जागा तरी आहे. या पोरीला ती नाही.

हा चित्रपट आला तेव्हा देशभर मथुरा प्रकरण गाजत होतं. 1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. आईबाप नव्हते, ती भावाकडे राहायची. त्या रात्री ती ठाण्यात होती तीही भावानं दिलेल्या तक्रारीमुळं. त्याला बहिणीची काळजी होती. खटला सत्र न्यायालयातून उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला. 1978 साली आरोपी सुटले. अंगावर जखमा नाहीत, हे कोर्टानं तिच्या विरोधात धरलं. 1979 साली चार कायदेप्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1983 साली कायदा बदलला.

यातली मथुरा जगली, हे मला महत्त्वाचं वाटतं. तिनं जबाब दिला, वर्षानुवर्षं खटला सोसला. पडद्यावरच्या नागीला आणि तिच्या नणंदेला मात्र मरावं लागलं, तेव्हा कुठं आपल्याला धक्का बसला. 1977 च्या 'जैत रे जैत'मधली ठाकर चिंधी (तीही स्मिता पाटीलच) किती तोऱ्याची! नको असलेला नवरा सोडते, आपला माणूस आपण निवडते. शेवटी मधमाश्यांच्या डंखांनी मरते तीच.

मग 'फॅन्सी डान्स' बघितला. 2023 चा, अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा. दिग्दर्शक एरिका ट्रेम्बले स्वतः सेनेका-कायुगा समाजाची. जॅक्सची (लिली ग्लॅडस्टोन) बहीण टावी बेपत्ता आहे. पोलिसांना पडलेली नाही. टावीची तेरा वर्षांची मुलगी रोकी जॅक्सकडे आहे, पण सरकारी यंत्रणा तिला गोऱ्या आजोबाच्या ताब्यात देते. जॅक्स तिला घेऊन निघते, पाववाव या त्यांच्या नाचाच्या मेळ्याकडे. तिथं मायलेकींचा नाच असतो आणि आई तिथं येणारच, अशी रोकीची खात्री आहे.

आई येत नाही. पोलीस मागावर आहेत, आणि मावशी-भाची नाचतात.

कायुगा भाषेत मावशीचा शब्द आईच्याच शब्दातून निघालाय. यावर मराठी माणसानं चकित व्हायचं कारण नाही. 'माय मरो, मावशी उरो' हे आपण कधीपासून म्हणत आलोय. जॅक्स काही देवी नाही. ती चोऱ्या करते, भाचीशी खोटं बोलते. पण चित्रपट तिला उरू देतो. इथंही बाई मारली जाते, इथंही कायदा कुचकामी आहे. फरक एवढाच की मेलेल्या बाईच्या मागं राहिलेल्या बाईला पटकथेत काम आहे.

दिग्दर्शक त्या समाजातली आणि बाई, म्हणून हे जमलं का? बऱ्याच अंशी हो. तेंडुलकर-निहलानी पाड्याकडे बाहेरून आले आणि भास्कर वकिलाच्या डोळ्यांनी बघत राहिले. त्यांचा राग खरा होता, म्हणून 'आक्रोश' आजही अंगावर येतो आणि बघायलाच हवा. पण तो राग कुणाच्या जिवावर दाखवला, हेही बघायला हवं.

आज कुणी मराठी आदिवासी मुलगी कॅमेरा घेऊन हीच गोष्ट सांगायला बसली, तर ती कुठून सुरुवात करेल? मला वाटतं, किंकाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून. आत्या जिवंत आहे, मूल भुकेलंय आणि मुकादम अजून गावातच आहे. तो चित्रपट मला बघायचाय.