स्वेच्छेचे दारिद्र्य : ठिपक्यांच्या चित्रखेळांविषयी काही विचार

कलेच्या इतिहासात साधनांची वाढ आणि कलेची वाढ या दोन गोष्टी नेहमीच बरोबरीने चालत आल्या आहेत असे नाही. छायाचित्रणाचा शोध लागल्यावर अनेक चित्रकार हुबेहूब चित्रणापासून दूर सरकले. आणि वाटेल तितके रंग छापण्याची सोय झाल्यावरही लाकडी ठशांच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांची गोडी कमी झाली नाही. हाच चमत्कार आज व्हिडिओ गेम या अगदी तरुण कलेत दिसून येतो. आजचे यंत्र दाढीतील केस न् केस आणि ओल्या रस्त्यावर पडलेला दिव्याचा प्रकाश हुबेहूब दाखवू शकते. असे असता काही बुद्धिमान खेळकर्ते मुद्दाम ठळक चौकोनी ठिपक्यांची ओबडधोबड चित्रे काढून आपले खेळ रचीत आहेत. पडद्यावरील चित्राच्या सर्वांत लहान ठिपक्यास पिक्सेल म्हणतात, त्यावरून या चित्रपद्धतीस पिक्सेल आर्ट असे नाव पडले आहे. ज्यांच्या घरी दुसुतीच्या कापडावर घरे मोजून मोर आणि पोपट भरले गेले आहेत, त्यांना या पद्धतीची कल्पना सहज येईल. यांपैकी काही खेळांचा अलीकडे परिचय करून घेतला असता जे विचार सुचले, ते येथे मांडावयाचे आहेत. विषय पोरकट आहे असे ज्यांस वाटेल, त्यांनी थोडा धीर धरावा अशी विनंती आहे.

असा खेळ प्रथम पाहताना मनात कुतूहलाबरोबर थोडा संशयही उत्पन्न होतो. श्रीमंताने हौस म्हणून चार दिवस झोपडीत राहावे, तसा तर हा प्रकार नव्हे? या संशयाचा निकाल लावण्यापूर्वी मूळचे दारिद्र्य कसे होते ते पाहिले पाहिजे.

ते दारिद्र्य खरोखरीचे होते. निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली जपानात विक्रीस आणलेल्या घरगुती खेळयंत्राचा पडदा २५६ ठिपके रुंद आणि २४० ठिपके उंच एवढाच होता. हलणाऱ्या आकृतीचा प्रत्येक तुकडा सामान्यतः आठ ठिपके लांब व आठ ठिपके रुंद. त्यात रंग तीनच. एका आडव्या रेषेवर असे आठाहून अधिक तुकडे आले, तर जास्तीचे तुकडे दिसेनासे होत. या अडचणींतूनच त्या काळची चित्रभाषा जन्मास आली. मारिओ या जगप्रसिद्ध पात्राच्या मिशा आणि टोपी हे याचे उत्तम उदाहरण होय. १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या खेळासाठी शिगेरू मियामोतो यांनी हे पात्र रेखाटले, तेव्हा इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड दाखविणे कठीण, म्हणून मोठ्या नाकाखाली मिशा आल्या. आणि केस काढणे कठीण, म्हणून टोपी आली. कवीने यमकासाठी शब्द शोधावा आणि सापडलेल्या शब्दातून नवीच कल्पना सुचावी, तसाच हा प्रकार आहे.

आजच्या खेळकर्त्यांवर ही सक्ती नाही. मग ते या मार्गाने का जातात? याचे एक उत्तर अगदी व्यावहारिक आहे, आणि ते लपविण्याचे कारण नाही. मोठ्या कंपन्यांच्या खेळांवर शेकडो माणसे वर्षानुवर्षे राबतात. कंपनीच्या पदरी न राहता स्वतंत्रपणे खेळ रचणाऱ्यांना, म्हणजे ज्यांस इंडी म्हणतात त्यांना, हा खर्च झेपत नाही. ठिपक्यांचे चित्र मात्र एकटा मनुष्य काढू शकतो. जपानच्या दाइसुके अमाया यांनी ‘केव्ह स्टोरी’ हा खेळ सुमारे पाच वर्षे एकट्याने रचून २००४ साली लोकांस विनामूल्य दिला. अमेरिकेतील एरिक बरोन यांनी ‘स्टार्ड्यू व्हॅली’ या शेतीवरील खेळाची चित्रे, संगीत, संवाद आणि यंत्राची सूत्रे अशी सर्व बाजू सुमारे साडेचार वर्षे एकट्याने सांभाळली, व २०१६ साली तो प्रसिद्ध केला. कादंबरीवर जशी एका लेखकाची मुद्रा असते, तशी एका माणसाची मुद्रा या खेळांवर उमटू शकते, हा या स्वस्त साधनाचा मोठाच लाभ म्हटला पाहिजे.

परंतु काटकसर हे कलेचे कारण असू शकते, समर्थन असू शकत नाही. समर्थन कृतीतच सापडले पाहिजे. म्हणून तीन खेळ घेऊन हा प्रश्न तपासून पाहू.

पहिला ‘शव्हल नाइट’. १४,००० हून अधिक रसिकांनी २०१३ साली वर्गणीरूपाने तीन लाख डॉलरांवर रक्कम जमवून दिली, आणि २०१४ साली हा खेळ बाहेर पडला. फावडे हेच शस्त्र असलेला एक निळा चिलखतधारी वीर यात उड्या मारतो, जमीन खणतो आणि शत्रूंच्या डोक्यावर फावडे टेकून पुन्हा उसळतो. वरवर पाहता ही १९८३ च्या यंत्राची तंतोतंत नक्कल वाटते. परंतु ती तशी नाही. पडदा ४०० ठिपके रुंद केला आहे, मूळ यंत्रात नसलेले काही रंग घेतले आहेत, आणि गर्दी झाली असता आकृत्या लुप्त होण्याचा जुना दोष तर मुळीच ठेवलेला नाही. खेळकर्त्यांनी ही सूट उघडपणे सांगितलीही आहे. आठवणीत जसे होते तसे दाखवावयाचे, प्रत्यक्षात जसे होते तसे नव्हे, असे हे धोरण आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जुने खेळ काचेच्या नळीच्या दूरदर्शन संचावर पाहिले जात. त्या काचेवर ठिपक्यांच्या कडा एकमेकींत मिसळून जात आणि चित्रास एक प्रकारची मऊ झळाळी येई. आजच्या सपाट पडद्यावर दिसणारे धारदार, काटेकोर चौकोन त्या काळच्या मुलांनी घरी सहसा पाहिलेच नव्हते. आपल्याकडे तर १९९० नंतरच्या दशकात त्या यंत्राच्या स्वस्त नकला बाजारात आल्या, आणि मराठी मध्यमवर्गीय घरांतील अनेक मुलांची मारिओशी ओळख झाली ती अशा नकलांवरच. तेव्हा ‘शव्हल नाइट’ पाहून ज्यांचे मन बालपणाकडे धाव घेते, त्यांस जे भेटते ते बालपण नसून त्याची नीट धुऊन इस्त्री केलेली प्रत होय. कारागिरी निर्दोष आहे, हालचालीचा डौल पाहावा असा आहे, संगीत तर बहारीचे आहे. पण ज्याच्याजवळ ती आठवण नाही, त्यास या चौकोनांतून खेळाच्या आनंदापलीकडे काही सांगितले जाते काय? आमच्या मते फारसे नाही. येथे चौकोन हा पोशाख आहे; सुंदर पोशाख आहे, पण पोशाखच.

दुसरा खेळ ‘सेलेस्ट’ हा २०१८ सालचा. त्याचा पहिला कच्चा आराखडा अवघ्या चार दिवसांत, १२८ ठिपके लांब-रुंद पडद्यावर, १६ रंगांत तयार झाला होता. मॅडलिन नावाची एक तरुणी एक पर्वत चढू पाहते, एवढेच कथानक. तिच्या मनाला चिंतेचा विकार आहे आणि तिचेच भित्रे, टोचून बोलणारे प्रतिरूप वाटेत तिला आडवे येते. खेळ फार कठीण आहे. मनुष्य शेकडो वेळा पडतो आणि क्षणार्धात त्याच पायरीवर पुन्हा उभा राहतो. या नायिकेस हवेत एकदाच झेप घेता येते. झेपेची शक्ती शिल्लक असता तिचे केस तांबडे दिसतात, ती संपताच निळे होतात. आकृती बोटभरही नाही, चेहऱ्यावर नाक-डोळे धड नाहीत; तरी त्या केसांच्या चार ठिपक्यांकडे पाहून तिच्या अंगात बळ किती उरले आहे ते कळते. बारीकसारीक तपशील गाळल्यामुळेच उरलेल्या एका रंगास एवढा अर्थ आला आहे. याला अलंकार म्हणता येणार नाही. ही भाषाच आहे.

तथापि एक उणीव सांगितली पाहिजे. पात्रे बोलू लागली की ठिपक्यांची पद्धत बाजूस ठेवून गुळगुळीत रेषांनी काढलेले मोठे चेहरे पडद्यावर येतात. चेहरे गोड आहेत, पण ज्या भाषेत चढणीचे श्रम सांगितले, त्याच भाषेत दुःख सांगण्याचा विश्वास ऐन वेळी डळमळला असे वाटते. पाळण्यातून पर्वतावर जाताना तिला भीतीचा झटका येतो, तेव्हा श्वासाबरोबर एक पीस तरंगत ठेवावयाचे असते. त्या प्रसंगात शब्दांहून आणि चेहऱ्यांहून त्या पिसाचे वरखाली होणेच अधिक परिणाम करते.

तिसरा खेळ, आणि आमच्या मते या तिहींत श्रेष्ठ, लुकस पोप यांचा २०१३ सालचा ‘पेपर्स, प्लीज’. एका कल्पित हुकूमशाही राष्ट्राच्या सरहद्दीवरील चौकीत आपण कारकून आहोत. काळ १९८२. एकेक प्रवासी खिडकीशी येतो, कागद पुढे करतो; आपण तारीख, शिक्का, छायाचित्र ताडून पाहावयाचे आणि आत सोडावयाचे किंवा परत लावावयाचे. बरोबर तपासलेल्या प्रत्येक माणसामागे पाच नाणी. चूक झाली की चिठ्ठी छापून येते. दिवसातील पहिल्या दोन चिठ्ठ्या ताकिदीच्या, पुढच्या दंडाच्या. संध्याकाळी घरभाडे, अन्न आणि ऊब यांचा हिशेब मांडावयाचा; घरी बायको, मुलगा, सासू आणि काका आहेत, आणि पैसे कमी पडले की कोणी तरी उपाशी किंवा आजारी.

अशात एके दिवशी एका गृहस्थाचे कागद बिनचूक निघतात. जाता जाता तो सांगतो की मागून माझी पत्नी येत आहे, तिच्याशी दयेने वागा. ती येते, तिच्याजवळ प्रवेशाचा परवाना नाही. परत पाठविले तर मला ठार मारतील, असे ती म्हणते. काय करावयाचे ते आपण ठरवावयाचे. आणि मागे रांग उभी आहे.

या खेळात माणसांचे चेहरे मळकट रंगांच्या थोड्या ठिपक्यांनी बनलेले आहेत. कागदावरील चेहरा आणि समोरचा चेहरा एकच की वेगळा, हे त्या ओबडधोबड ठिपक्यांवरून ओळखावयाचे असते. पाहावे तितका संशय वाढतो. हळूहळू ध्यानात येते की चित्र जाडेभरडे आहे असे नव्हे, कचेरीची दृष्टीच जाडीभरडी आहे. खिडकीच्या पलीकडून पाहणाऱ्या त्या व्यवस्थेस माणूस एवढाच दिसतो : एक क्रमांक, एक तारीख, अंधुक चौकोनी तोंड. हेच चेहरे आजच्या यंत्राच्या पूर्ण सामर्थ्याने, अश्रूंच्या थेंबासकट दाखविले असते, तर आपणास दया येणे सोपे गेले असते आणि खेळाचे सर्व मर्म नाहीसे झाले असते. येथे दारिद्र्य हे आशयाचेच रूप आहे.

या तीन उदाहरणांवरून एक कसोटी मिळते असे आम्हांस वाटते. कवीने वृत्त स्वीकारले म्हणून कविता थोर ठरत नाही, आणि सोडले म्हणूनही नाही. त्या बंधनामुळे जे एरवी सांगता आले नसते ते सांगितले गेले काय, हे पाहावे लागते. ठिपक्यांच्या खेळांसही हीच कसोटी लावावी. जुन्या दिवसांच्या आठवणीवर जगणारे खेळ ती आठवण असलेली पिढी आहे तोवर आवडतील. ज्यांनी ठिपक्यास अर्थ दिला, ते आठवण नसलेल्या मुलांसही आपलेसे वाटतील.

घरातील मुलगा किंवा मुलगी असा एखादा खेळ खेळताना दिसली, की चित्रे ओबडधोबड म्हणून खेळ पोरकट, असा निकाल वडीलधारी मंडळी सहज देऊन टाकतात. तो निकाल देण्यापूर्वी त्यांनी अर्धा तास स्वतः खेळून पाहावे. ‘पेपर्स, प्लीज’ तर प्रौढांनीच खेळावा असा आहे. कचेरीत जन्म घालविलेल्या गृहस्थांस त्यातील शिक्क्याचा आवाज ओळखीचा वाटेल, आणि रांगेतल्या त्या बाईस काय उत्तर द्यावे हा प्रश्न खेळ बंद केल्यावरही काही काळ त्यांचा पिच्छा सोडणार नाही.