दूरशिक्षणाचे भाकीत : कोणते अंतर मिटले?

इंटरनेटमुळे शिक्षणातील अंतर मिटेल, असे भाकीत १९९०च्या दशकात अनेकांनी केले. त्यांपैकी व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक पीटर ड्रकर यांचे भाकीत फार ठाम होते. तीस वर्षांत मोठी विद्यापीठ-संकुले केवळ अवशेष म्हणून उरतील, असे ते १९९७ साली म्हणाले. ही मुदत २०२७ची. पंढरपुरातून पाहता ते कितपत खरे ठरते, हे आम्ही येथे तपासणार आहोत.

१९९७ साली पंढरपूरच्या महाविद्यालयांचे विद्यापीठ कोल्हापुरात होते. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि ते सुमारे ७० किलोमीटरवर आले. अंतर घटले ते तारेने नव्हे, नव्या संकुलाने! २०२१-२२च्या सरकारी पाहणीत देशातील विद्यापीठांची संख्या ११६८ भरली.

व्याख्यान दूरवर पोचवण्याचा खर्च घटेल, हा ड्रकर यांचा तर्क मात्र बरोबर ठरला. पण व्याख्यान पोचले म्हणजे शिक्षण पोचले, असे मानणे आमच्या मते चुकीचे होते. हार्वर्ड व एमआयटी यांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची आकडेवारी २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पुरा केला. यांत नुसते चाळायला आलेलेही होते, हे खरे. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी नाव नोंदवलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. म्हणजे त्यांतलेही निम्म्याहून अधिक गळाले.

१९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने घरी अभ्यासायच्या पुस्तकांच्या जोडीला गावोगाव अभ्यासकेंद्रे ठेवली. शंका विचारायला समोर कोणीतरी लागते, ही जाण त्यामागे होती. पंढरपूरशेजारच्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. तेथेही कोड शिक्षकाच्या मदतीला होता, त्याच्या जागी नव्हता.

त्याच वर्षी टाळेबंदीत शाळा बंद पडल्या. घरात एकच फोन आणि तोही वडिलांबरोबर शेतावर गेलेला, अशा मुलासाठी धडा जगभर उपलब्ध असूनही दूरच राहिला.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी तशीच भाकिते होत आहेत. ती वर्गात वाचताना विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला सांगावेत : साधन कोणाच्या हातात असेल? अडले तर कोणाला विचारायचे? आणि मध्येच अभ्यास सोडणाऱ्याची चौकशी कोण करील?