प्रवेशाचा कायदा आणि रंगमंचाची जात

दलित साहित्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य यांची तुलना निघाली, की एक आक्षेप हमखास घेतला जातो. तिकडे माणसांना वेगळे बसविण्याचे कायदे होते. आपला कायदा मात्र समतेचा आहे. म्हणून ही तुलना ओढूनताणून केलेली आहे. वर्गात आणि परिसंवादात हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. तो मान्य केला, तर आपल्या समीक्षेपुढचा एक मूलभूत प्रश्नच पुसला जातो.

तिकडे कायदे होते, हे खरेच. व्हर्जिनिया राज्याने 1926 साली नाटकगृहे, सिनेमागृहे, सभागृहे येथे गोऱ्यांना आणि काळ्यांना वेगळे बसविणे सक्तीचे केले. पण कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतात सिनेमागृहासाठी असा कायदा नव्हता. तेथे 1946 साली व्हायोला डेस्मंड या कृष्णवर्णीय स्त्रीला खालच्या जागेचे तिकीट नाकारण्यात आले. तरीही ती खाली, गोऱ्यांच्या जागेत बसली. तिला ओढून बाहेर काढले, रात्रभर कोठडीत ठेवले, आणि खटला भरला तो करमणूक कर एक सेंट कमी भरल्याचा! वर्णाचा उल्लेख आरोपात नाही. तिला माफी मिळाली ती 2010 साली, तिच्या मृत्यूनंतर.

आपली जात या दुसऱ्या जातकुळीची आहे. तिला कलम लागत नाही; रूढी पुरते.

बोले यांच्या 1923 च्या ठरावात पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने आहेत. करमणुकीच्या जागा नाहीत. राज्यघटनेच्या 15 व्या अनुच्छेदाने मात्र विहिरी आणि तलाव यांच्या जोडीला 'सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे' घातली. 1955 च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने प्रयोग, प्रदर्शन, खेळ हे सारे करमणुकीत धरले. 1976 मध्ये हाच नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. पाण्याइतकाच आनंदावरही माणसाचा हक्क आहे, हे येथे मान्य झाले. तरीही, त्या कायद्याला वीस वर्षे होत आली असताना, माझे वडील गावच्या जत्रेतला तमाशा कनातीबाहेर उभे राहून ऐकत होते. आत ढोलकीवर थाप पडत होती ती मांगाच्या हाताची!

खरा प्रश्न येथे आहे. कायद्याने प्रेक्षकाला खुर्ची दिली. रंगमंचाचे काय?

मराठी रंगभूमीचा इतिहास 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांपासून सुरू होतो, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. तमाशा त्याआधीपासून, पेशवाईतही होता. महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी तो उभा केला. पण तो 'लोककला' या वेगळ्या प्रकरणात जातो. नाटकगृहातले ते नाटक आणि कनातीतला तो तमाशा, ही विभागणी कोणत्या विधिमंडळाने केली? ती समीक्षेने केली. वेगळे बसविण्याचा कायदा आपल्याकडे नसेल, वेगळे बसविण्याचे सौंदर्यशास्त्र आहे.

घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी ही विभागणी नाकारली. 1944 साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. 'अकलेची गोष्ट'मध्ये त्यांनी गणातून गणपती काढून मायभूमीला वंदन केले, गवळण वगळली. जमीनदार आणि सावकार वगात आणले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा अण्णा भाऊंनी त्यालाच लोकनाट्य म्हटले. हे केवळ नामांतर नव्हते. त्यांचा प्रेक्षक गिरणगावाच्या मैदानात जमिनीवर बसत होता. तेथे पुढची रांग कोणासाठी राखीव नव्हती. असे असूनही त्यांच्या लोकनाट्यांकडे आपली नाट्यसमीक्षा प्रचार म्हणून पाहत आली.

येथे आपल्यालाही स्वतःला तपासावे लागेल. तमाशाचा गौरव करताना फडातल्या स्त्रीची विटंबना विसरून चालणार नाही. ज्यांना तिच्या घरचे पाणी चालत नव्हते, तेच तिच्यावर पैसे उधळीत. आंबेडकरी जलशांनी ही शृंगाराची बाजू टाकली, ती उगाच नव्हे. पण टाकायचे ते त्या स्त्रीचे शोषण. तिची आणि ढोलकीवाल्याची कला नव्हे. हा भेद न करता आपल्यातले काही सुशिक्षित तमाशाचे नावही घेत नाहीत, आणि नाट्यगृहातला प्रयोग हीच प्रतिष्ठा मानतात. म्हणजे कनात तीच. आपण फक्त आत गेलो.

म्हणून मला ही तुलना सोडावीशी वाटत नाही. ती कायद्याच्या पुस्तकावर न बेतता, कोण कोठे बसला आणि कोणाची कला कोणत्या प्रकरणात गेली, यावर बेतली पाहिजे. अनुच्छेद 15 ने दार उघडले. आता रंगभूमीचा इतिहास कोठून सुरू होतो, हे आपल्या विद्यार्थ्यांनी नव्याने लिहावे. आणि त्याचे पहिले प्रकरण ढोलकीपासून लिहावे.