निकालपत्राचा तिसरा अंक

दिवाळी अंकात न्यायालयाच्या निकालपत्राचे परीक्षण वाचावयास मिळेल, अशी अपेक्षा कोणीच केली नसेल. चिरोट्याचा पापुद्रा जिभेवर विरघळत असताना कलमे आणि पोटकलमे कोणाला हवीत? परंतु निकालपत्र हेही एक लेखनच असते. त्याला आरंभ असतो, प्रसंगांची मांडणी असते आणि शेवट असतो. तो शेवट आधीच्या मांडणीतून उमलला की वरून चिकटवला, हे पाहणे टीकाकाराच्या कामात बसते, असे मला वाटते. 'अनुराधा भसीन विरुद्ध भारत सरकार' ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी दिलेला निकाल मी तीनचारदा वाचला. पहिले दोन अंक दर वेळी आवडले. तिसऱ्या अंकाला मात्र दर वेळी चरफडलो.

कथानक थोडक्यात असे. ४ ऑगस्ट २०१९ रोजी काश्मीर खोऱ्यात मोबाइल, घरोघरचे दूरध्वनी आणि इंटरनेट, सारेच बंद करण्यात आले. दुसऱ्या दिवशी ३७०व्या कलमाने त्या राज्याला दिलेला खास दर्जा गेला. श्रीमती भसीन ह्या 'काश्मीर टाइम्स'च्या संपादिका. बातमी येण्याची आणि जाण्याची वाटच बुजली, तेव्हा श्रीनगरची आवृत्ती काढावी कशी, ही त्यांची तक्रार.

न्या. रमणा, न्या. सुभाष रेड्डी आणि आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई ह्यांच्यापुढे प्रकरण आले. निकाल लिहिला न्या. रमणा ह्यांनी, आणि त्याचा आरंभ त्यांनी डिकन्सच्या दोन शहरांच्या कादंबरीतील प्रसिद्ध उताऱ्याने केला. पुढे स्वातंत्र्य आणि सुरक्षितता ह्यांमध्ये हेलकावणारा लंबक येतो. तो कोणत्याही एका टोकाला जाऊ नये, असे न्यायमूर्ती बजावतात. प्रतिमा चांगली आहे. मात्र खोऱ्यातले घड्याळच त्या वेळी पाच महिने बंद होते. बंद घड्याळाच्या लंबकाला कोणत्या टोकाची भीती घालावयाची?

दुसरा अंक खरोखर भारदस्त आहे. मुद्रणस्वातंत्र्य, मग दूरदर्शन, मग आकाशलहरी, अशा पायऱ्या चढत न्यायालय इंटरनेटपाशी येते, आणि इंटरनेटवरून बोलण्याचे व तिच्यावरून धंदा करण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या १९व्या कलमाच्या छत्राखाली आहे, असे सांगते. ह्यातली दूरदर्शनची पायरी आपल्या मुंबईतून गेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. 'होनी अनहोनी' ही मालिका अंधश्रद्धा पसरवते म्हणून लोकविज्ञान संघटनेने ती थांबवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालय गाठले, आणि तेथे तात्पुरती मनाईही मिळाली. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. विज्ञाननिष्ठ मंडळींच्या हेतूविषयी मला आदर आहे. पण त्या मनाईचा निकाल त्यांच्याविरुद्ध लागला हेच बरे झाले. नाहीतर पुढे ह्या प्रकरणात उभे राहावयास ती पायरीच नसती.

माझ्या मते ह्या लेखनातला सर्वांत जिवंत प्रसंग कागदांचा आहे. ज्या आदेशांनी ही बंदी घातली ते आदेश कोठे आहेत, असे न्यायालयाने विचारले. सरकारने अडचणी सांगितल्या आणि नमुन्यादाखल काही आदेश पुढे केले. जो हुकूम नागरिकाला दिसत नाही त्याच्याविरुद्ध त्याने दाद कशी मागावी? न्यायालयाने येथे आवाज चढवला. यापुढे असे सारे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, बेमुदत बंदी चालणार नाही, आणि ठराविक दिवसांनी तिची फेरतपासणी झाली पाहिजे, असे ठणकावले. १४४वे कलम साध्या मतभेदाचे तोंड दाबण्यासाठी नाही, हेही सुनावले.

एवढे झाल्यावर प्रेक्षक कशाची वाट पाहील? बंदी उठण्याची. ती उठत नाही! सरकारने आपले आदेश स्वतःच पुन्हा तपासावेत, एवढ्यावर पडदा पडतो. वृत्तपत्राविषयी तर न्यायालय म्हणते की ते आता पुन्हा निघू लागले आहे, तेव्हा त्यात अधिक शिरण्याचे कारण नाही. उपाशी माणूस अखेर कोठेतरी जेवला, म्हणून उपासाची चौकशी संपली!

आणि मूळ प्रश्न? इंटरनेट मिळणे हाच मूलभूत हक्क आहे काय? कोणत्याही वकिलाने तसा युक्तिवाद केला नाही, सबब आम्ही मत देत नाही, असे निकालात स्पष्ट लिहिले आहे. चार महिन्यांपूर्वीच केरळच्या उच्च न्यायालयाने ही हिंमत केली होती. वसतिगृहात संध्याकाळी मोबाइल वापरावयाचा नाही, हा नियम न मानणाऱ्या एका विद्यार्थिनीला बाहेर काढले होते. इंटरनेट वापरणे हे शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्कातच येते, असे सांगून त्या न्यायालयाने तिला परत घ्यावयास लावले. आपल्या देशात बहुसंख्यांचे इंटरनेट म्हणजे हातातला मोबाइलच. घरात तारेची दुसरी जोडणी असणारे थोडे. श्रीमंत देशात एक वाट बंद झाली तर दुसरी असते. येथे मोबाइलची वाट बंद झाली की दुकान, शाळा, नोकरीचा अर्ज आणि तोंड, सारे एकदम बंद.

सरकारची बाजू पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. मोबाइलवरून फिरलेल्या अफवांनी ते रक्त सांडले, हे कोण नाकारील? पण अफवेला तोंडही पुरते. ती खोटी आहे हे गावोगाव तातडीने सांगावयाचे तर तीच तार लागते. एका गावाच्या एका रात्रीसाठी काही तास बंदी मी समजू शकतो. सबंध खोऱ्याची महिनोन् महिने बंदी हा निराळाच प्रकार आहे.

निकालानंतर पंधरवड्याने खोऱ्याला इंटरनेट मिळाले: अतिमंद, आणि ३०१ संकेतस्थळांपुरते. जेथे माणसे एकमेकांशी बोलतात ती समाजमाध्यमे त्यांत नव्हती. मे २०२० मध्ये प्रश्न पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा तो केंद्रीय गृहसचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपवण्यात आला. म्हणजे फिर्याद ज्यांच्याविरुद्ध, पंच तेच. वेगवान मोबाइल इंटरनेट परत आले ते ५ फेब्रुवारी २०२१ रोजी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेच्या स्थायी समितीने अशा बंद्यांचा अहवाल सादर केला. देशात किती वेळा आणि कोठे इंटरनेट बंद केले, ह्याची नोंद केंद्राच्या गृहखात्याकडेही नाही आणि दूरसंचार खात्याकडेही नाही, असे त्या समितीला आढळले.