कवी आणि रुपेरी पडदा : सी. बी. मॉरिस यांचे स्पॅनिश अध्ययन

इंग्लंडातील हल विद्यापीठात आणि पुढे लॉस एंजेलिस येथे स्पॅनिश साहित्याचे अध्यापन करणारे सी. बी. मॉरिस यांनी १९२० ते १९३६ हा एकच कालखंड तीन ग्रंथांतून तपासला. (त्याची शेवटची मर्यादा यादवी युद्धाने आखलेली आहे, हे उघडच आहे.) १९६९ मध्ये कवींची पिढी, १९७२ मध्ये अतिवास्तववाद आणि १९८० मध्ये चित्रपट व स्पॅनिश लेखक, असा हा क्रम होय.

तिसरा ग्रंथ सर्वांत धीट. प्रेक्षागृहाच्या काळोखात बसलेला कवी हा त्याचा खरा विषय. मूकपटांतील विदूषकांवर आल्बेर्ती याने १९२९ मध्ये लिहिलेल्या कवितांना ही दृष्टी चांगलीच मानवते. परंतु तीत चित्रपट हा बहुधा कवितेला सामग्री पुरविणाराच राहतो. लोर्का याने न्यूयॉर्कच्या मुक्कामात लिहिलेली ‘चंद्रावरील प्रवास’ ही मूकपटसंहिता घ्यावी. तिला कविता म्हणावे, तर तीत क्रमांकित दृश्ये आहेत. चित्रपट म्हणावे, तर कवीच्या हयातीत ती चित्रित झालीच नाही. एका प्रतिमेत दुसरी विरघळते ती तेथे अलंकार म्हणून नव्हे, कॅमेऱ्याला दिलेली सूचना म्हणून. ‘प्रभाव’ या संज्ञेने अशा कृतीचा उलगडा होत नाही.