तासिकेवरचा डॉक्टर आणि आपले साहित्य

प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली आले. त्या पिढीच्या आत्मकथनांत शाळा, वसतिगृह, कॉलेज ही सुटकेची वाट आहे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला काढलेल्या कॉलेजची, म्हणजे मिलिंदची, पायरी चढणे हा मराठवाड्यातल्या दलित मुलाचा दुसरा जन्मच होता. पण पायरी चढून झाल्यावर काय, हा प्रश्न आपल्या साहित्याने पुरेसा विचारलेला नाही.

बीड तालुक्यातल्या लिंबागणेशसारखे गाव घ्या. या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर कोयते ऊसतोडीला निघतात. अशा घरातला मुलगा मराठीत किंवा समाजशास्त्रात पीएच.डी. होतो. गाव हारतुरे घालते. एखादी म्हातारी त्याला तापावर गोळीही मागते. पुढे हा डॉक्टर तासिका तत्त्वावर शिकवतो. जितके तास, तितके मानधन; सुट्टीत काहीच नाही. बाप हंगामी होता, मुलगाही हंगामीच. फरक एवढाच की, कोयत्याला मुकादम निदान उचल तरी देतो.

नियमही स्थिर नाहीत. २०१८ साली विद्यापीठ विभागांतील सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची ठरली. अंमलबजावणी लांबत गेली आणि जुलै २०२३ पासून ती ऐच्छिक झाली. ज्याने या पदवीसाठी उमेदीची वर्षे घातली, त्याने दाद कुणाकडे मागावी?

पदवीने जात पुसत नाही, हे आपल्याला नवे नाही. कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. मात्र त्यांचे संशोधन नोकरीच्या अर्जाला जोडायचे कागद नव्हते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने लोकांपुढे आला.

येथे आत्मटीका करावी लागेल. ‘अमुक यांच्या साहित्यातील दलित जाणीव’ असे साच्यातले किती प्रबंध आपण लिहिले? कोयत्याची उचल, मुकादमाचा हिशोब, गावकुसाबाहेरची जमीन यांवरचे संशोधन ज्यांच्यावर केले, त्यांना कधी वाचून दाखवले काय?

रिक्त जागा भराव्यात, समान कामाला समान वेतन द्यावे, यासाठी लढलेच पाहिजे. पण त्यासोबत तासिकेवरच्या डॉक्टरने स्वतःचे जगणे लिहावे. मिलिंदच्या पायरीपर्यंतची वाट आपल्या आत्मकथनांनी सांगितली. पायरीनंतरची कहाणी त्याच्याच हाती आहे.