दुसऱ्याचें बोलणें

आमच्या शाळांत इंग्रजी व्याकरणांतील अप्रत्यक्ष कथनाचा भाग बहुधा कोष्टकावरून शिकवितात. ‘मी’चा ‘तो’ करावा, वर्तमानकाळाचा भूतकाळ करावा, ‘उद्यां’चा ‘दुसऱ्या दिवशीं’ करावा. तीन बदल केले कीं गुण मिळाले! हे बदल कां करावयाचे, तें मात्र कोष्टक सांगत नाहीं.

परभणी जिल्ह्यांतील झरीच्या मुलाच्या कानांवर घरीं पडतें तें असें : ‘राम म्हणाला कीं मी उद्यां येतों.’ ह्यांतला ‘मी’ म्हणजे राम, हें त्याला कोणी समजावून द्यावें लागत नाहीं. कारण बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवणें हा मराठीचा स्वभाव आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामी अमलांत होता, आणि तेथील उस्मानिया विद्यापीठानें १९१८ पासून उर्दूला शिक्षणाचें माध्यम केलें होतें. पण उर्दूचीही रीत हीच. दोन भाषा जाणणाऱ्यालाही इंग्रजीची वाट नवीच राहिली.

इंग्रजींत सांगणारा आपली जागा सोडीत नाहीं. त्याच्या जागेवरून रामाचा ‘मी’ हा ‘तो’ दिसतो, आणि रामाचा ‘उद्यां’ हा होऊन गेलेल्या दिवसानंतरचा दिवस ठरतो. एवढें तत्त्व कळलें कीं कोष्टकाचें ओझें उतरतें. रामाचें बोलणें त्याच दिवशीं सांगावयाचें असेल, तर ‘उद्यां’ बदलण्याचें कारणच नाहीं; पृथ्वी गोल असल्याचें गुरुजींनीं सांगितलें असेल, तर तेथें वर्तमानकाळ खुशाल राहावा. हे अपवाद नव्हेत. त्याच तत्त्वाचीं हीं फळें होत.

परंतु मोठा अनर्थ पुढेंच आहे. कोष्टकावर पोसलेली लेखणी आतां मराठींतही ‘मंत्री म्हणाले कीं ते राजीनामा देणार नाहींत’ असें लिहिते. हे ‘ते’ कोण? स्वतः मंत्री, कीं दुसरे कोणी? इंग्रजी ‘ही’ असाच संदिग्ध आहे. पण त्या भाषेचा तेथें नाइलाज आहे. मराठीजवळ ‘आपण’ आहे. ‘आपण राजीनामा देणार नाहीं, असें मंत्री म्हणाले’ ह्या वाक्यांत शंकेला जागा नाहीं. घरची नेमकी सोय टाकून उसनी संदिग्धता आणण्यांत शहाणपण तें कोणतें?

दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें, तेव्हां इंग्रजी व्याकरणाचा सांचा त्यांच्यासमोर होता. आतां उलट वाटेनेंही जावें. शिक्षकानें फळ्यावर आधीं मराठी वाक्य लिहावें, आणि ‘हा मी कोणाच्या तोंडचा?’ एवढेंच विचारावें. त्याचें उत्तर ज्याला आलें, त्याला इंग्रजीही येईल, आणि त्याची मराठीही बिघडणार नाहीं.